चार घोडे

परवा नाशिकच्या शालिमारजवळ वरात आडवी आल्याने आमची सिटीबस बराच वेळ अडकून पडली, आणि नवरदेवाच्या घोडीच्या घामेजल्या अंगाचा उग्र वास खिडकीतून आत शिरताच आजीचे वाक्य पुन्हा कानांत उमटले : "मला नाशकात आणायला चार घोडे लागले हो!"

बाराव्या वर्षी, हळदीच्या अंगाने, नाशिकरोड स्थानकावर उतरून ती सासरी आली ती ट्रामने. माप ओलांडण्याआधी सासरचे म्हणून तिने पाहिले ते त्या घोड्यांच्या पाठीवरचे घामाचे ओघळ.

लोहमार्ग शहराला दूर ठेवून गेला, म्हणून 1889 साली ही अरुंदमापी ट्राम झाली : जुन्या नगरपालिकेपासून स्थानकापर्यंत आठ-दहा किलोमीटरांचे रान, दोन डबे, चार घोडे. तिचे सल्लागार अभियंते एव्हरार्ड काल्थ्रॉप. त्यांचे नाव 1897 च्या बार्शी लाइट रेल्वेबरोबर आदराने घेतले जाते, नाशिकबरोबर मात्र फारसे कोणी घेत नाही, याचा राग माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. 1930 नंतरच्या दोन-तीन वर्षांत तोट्यापायी ट्राम बंद पडली. 2021 साली एसटी महामंडळाच्या शहरसेवेची जागा महानगरपालिकेच्या बसगाड्यांनी घेतली, तेव्हाही बोलणे तोट्याचेच होते. सार्वजनिक वाहनाची कीर्द जमाखर्चाच्या दोन रकान्यांत मिटवणाऱ्या दप्तराला, एका पोरीचे माहेर तुटले त्या दिवसाची नोंद कोणत्या सदरी घालावी, हे कधी सुचले असेल काय?

लहानपणी आजीच्या त्या वाक्यात मला ऐट ऐकू येई. माझ्यासोबत सिटीबसने स्थानकावर जाताना ती खिडकीपाशी बसे, तिकिटाची गुंडाळी करून हिरव्या बांगडीत खोचून ठेवी, आणि पदर सावरायचेही भान न ठेवता रस्त्याकडे पाहत राही. बसला ती शेवटपर्यंत ट्रामच म्हणाली.

परवा वाजंत्री मोठ्याने वाजू लागली तशी घोडी बुजली, पुढे येईना. दोघांनी लगाम धरून तिला ओढली. वरात सरली, बस हलली. आणि मला आठवले की परतीच्या वाटेवर आजी खिडकीची जागा मला देई, डोळे मिटून घेई, आणि बांगडीतले ते तिकीट घर येईपर्यंत बोटांनी चुरगाळत राही.