नकाराला जागा

‘स्टारड्यू व्हॅली’त गावातल्या ॲबिगेलला ॲमेथिस्टचा जांभळा खडा दिला की ती हरखून जाते. आठवड्याला २ भेटवस्तू, २५० गुणांचं एक हृदय. ८ हृदयं भरली की पुष्पगुच्छ, १० भरली की लग्नाची मागणी. २०१६ साली आलेला हा शेतीचा खेळ मला फार प्रिय आहे, आणि तिथं हे शोभतंही. रोज पाणी घातलं की पीक येतं, तशीच मायाही. पण मोठ्या कथा सांगणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये हाच हिशेब आला की मन खट्टू होतं. समोरच्याला रुचेल ते वाक्य निवडत जायचं, होकार ठरलेलाच. ज्याला ‘नाही’ म्हणताच येत नाही, त्याच्या ‘हो’ला वजन कुठून येणार?

‘द विचर ३’ (२०१५) मधली चेटकीण येनेफर मात्र मनातून जात नाही. खेळाचा नायक गेराल्टनं फार पूर्वी एका जिनकडे मागितलेल्या इच्छेनं दोघांची नशीबं बांधली गेली आहेत. तिला आता एकच कळायला हवंय: हे प्रेम आपलं, की त्या जादूचं? म्हणून ती गेराल्टला स्केलिगेच्या समुद्रावर नेते, दुसरा जिन शोधते आणि ते बंधन तोडून घेते. डोंगरमाथ्यावर अडकलेल्या मोडक्या जहाजावर दोघं बसतात. खाली दरी, भोवती बर्फ. मग उत्तर द्यायची पाळी गेराल्टची, म्हणजे माझी.

मी कंट्रोलर हातात धरून बराच वेळ तशीच बसून राहिले. इथं कुठलीही भेटवस्तू कामाची नव्हती. ही दोघं माझ्या आधीपासून एकमेकांची होती, भांडलेली होती, दुरावलेली होती. मला फक्त खरं बोलायचं होतं. ‘आता काही वाटत नाही’ असंही सांगता येतं. ती दुखावते, पण दोघांनी लेक मानलेल्या सिरीचा शोध सोडत नाही. प्रेमापलीकडेही तिला स्वतःचं काम आहे, आणि म्हणूनच तिचं प्रेम मला खरं वाटतं. लेखकांनी आधी हे काम लिहावं, चुंबन मागाहून.

‘द विचर ३’ बनवणाऱ्याच स्टुडिओच्या ‘सायबरपंक २०७७’मध्ये मी स्त्री म्हणून खेळत होते. बाहेर धुळीचं वादळ, ओसाड घरातला सोफा, शेजारी खेळातली माझी सोबतीण पॅनम. मी जवळीक साधू पाहिली. तिनं मला थांबवलं. तिला पुरुष आवडतात, एवढंच. त्या क्षणी मला ती सगळ्यात जिवंत वाटली. त्या नकारानं आमची गोष्ट संपली नाही. पुढे मी तिच्या आल्डेकाल्डो कबिल्याबरोबर नाइट सिटी सोडून निघाले, तेव्हा पॅनम सोबत होती, मैत्रीण म्हणून.