खुर्चीच्या पोटात

मुलांनो, आमच्या घरी आलात की ज्या हिरव्या, बटणाबटणांच्या खुर्चीसाठी तुमची भांडणे होतात, ती राणी व्हिक्टोरियाच्या काळातली आहे. इथे इंग्लंडमध्येच एका लिलावात घेतलेली. मध्यंतरी तिची बैठक खाली लोंबू लागली. कोणी म्हणाले, टाकून द्या. कोणी म्हणाले, आतले सगळे काढून फोम भरा. आम्ही म्हटले, आधी पोट उघडून तर पाहू.

तळाशी तागाच्या विणलेल्या पट्ट्या. त्या काळी बंगालचा ताग जहाजांनी स्कॉटलंडमधल्या डंडीला येई आणि तिथल्या गिरण्यांत विणला जाई. पट्ट्यांवर शिवलेल्या, सुतळीने एकमेकींना बांधलेल्या स्प्रिंगा. त्यावर गोणपाट, मग नारळाचा काथ्या (हो, कोकणात दोर वळतात तोच!) आणि सर्वांत वर घोड्याचे केस. हे केस पीळ देऊन उकळतात, म्हणजे ते कुरळे होतात आणि प्रत्येक केस जणू एक इवलीशी स्प्रिंग बनतो. पट्ट्या तेवढ्या कुजल्या होत्या. केस शाबूत होते. कारागिराने ते धुतले, पिंजले आणि पुन्हा भरले.

'पिंजले' म्हणताच आमच्या आईला दारावर येणारा पिंजारी आठवला. गादीतला दबलेला कापूस तो धनुकलीने पिंजून परत भरून द्यायचा. नवी गादी घेण्याचा विचारही कोणी करत नसे.

फोमचे तसे नाही. तो कालांतराने दबतो, त्याचा भुगा होतो. शिवाय जळताना विषारी धूर! १९७९ मध्ये मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात फोमच्या फर्निचरने पेट घेतला आणि १० माणसे दगावली. पुढे १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये फर्निचरसाठी आगीचे कडक नियम आले. १९५० पूर्वीच्या फर्निचरला ते लागू नाहीत. म्हणून जुनी खुर्ची घेताना तिच्यात मागाहून कोणी फोम भरला आहे का, हे पालकांनी जरूर विचारावे.

दुरुस्तीनंतर घरात नवा वाद. एवढा खर्च केला, आता वर चादर घाला, पाहुण्यांपुरती ठेवा! आम्हाला ते पटले नाही. बसायचे नसेल तर खुर्ची कशाला? भारतातून आई आली की खुर्ची तिची. ती त्यावर चक्क मांडी घालून बसते. एरवी कोणीही बसावे. फक्त उड्या मारू नयेत, आणि हातात आमरसाची वाटी नसावी.