नाथसागरातलं पाहुणं बेट

मैत्रिणींनो, पैठण म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? पैठणीचा पदर, नाथांचा वाडा, फार तर ज्ञानेश्वर उद्यान. बेट काही कुणाच्या मनात येत नाही. मी लग्न होऊन इथं आले तेव्हा माझ्याही आलं नव्हतं. पण आमच्या नाथसागरात बेटं आहेत बरं का, आणि तीही थोडीथोडकी नव्हेत, तीसेक! त्यातल्या एकावर मी सासूबाईंना घेऊन चक्क चालत गेले. ते कसं, तेच आज सांगते.

आधी थोडी माहिती. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. भिंत जवळजवळ 10 किलोमीटर लांब, दरवाजे 27. जलाशय पूर्ण भरला की सुमारे 350 चौरस किलोमीटरवर 2909 दशलक्ष घनमीटर पाणी पसरतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, त्यामुळे मला भागाकाराची खोड! करून पाहा, सरासरी खोली येते आठ मीटरच्या आसपास. एवढा मोठा सागर, पण खोली जेमतेम तीन मजली घराएवढी.

याचं कारण आमची जमीन. इथं डोंगरदऱ्या नाहीत. सपाट काळी रानं आणि मधूनमधून मुरमाड माळ. परातीत वाटी उपडी घालून पाणी ओतलं तर वाटीचा बुडखा वर राहील ना, तसंच झालं. रानं बुडाली, माळांचे माथे वर राहिले. पाणी हातभर उतरलं तरी काठ लांबवर मागं सरकतो. म्हणून भरल्या वर्षी आश्विनात अंगणाएवढं दिसणारं बेट माघात शेताएवढं होतं, आणि टंचाईच्या वर्षी वैशाखात काठालाच जोडलं जातं. ‘चारी बाजूंनी पाणी म्हणजे बेट’ असं मी मुलांना शिकवते खरी, पण आमचं बेट हे वर्षातले काही महिनेच बेट असतं.

तुम्ही म्हणाल, एवढं पाणी, मग तिथं पाऊसही भरपूर असेल. छे! पाऊस येतो तो मोसमी वाऱ्यांनी, आणि ते सह्याद्रीवर आपलं ओझं रितं करूनच आमच्याकडे येतात. धरण भरतं ते बहुतांशी वरच्या नाशिक-नगरकडच्या पाण्यानं. तळ्याचा गुण एवढाच, की पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. पौषातल्या पहाटे पाण्यावरून वाफ उठते, आणि उन्हाळ्यात तिन्हीसांजेला काठावर गार झुळूक येते. पण बेटावर भर दुपारी सावली म्हणून नाही. पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीत झाड टिकणार कसं? काठाला काय ती वेडी बाभूळ आणि बेशरम.

आता सासूबाईंचं सांगते. त्यांचं माहेर धरणात गेलं. तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. इतकी वर्षं पैठणात राहून त्या कधी हौसेनं धरण पाहायला आल्या नाहीत. आम्ही आग्रह केला की म्हणायच्या, “पाणीच तर आहे, त्यात काय बघायचं?” 2024 च्या उन्हाळ्यात पाणी खूप आटलं. मेमध्ये एका सकाळी त्या आपण होऊन म्हणाल्या, “चल गं, जाऊन येऊ.”

गाळपेराच्या काकड्या-टरबुजांमधून, भेगाळलेल्या मातीवरून आम्ही निघालो. चढ लागला तशा त्या थबकल्या. “अगं, हा तर आमचा माळ! इथं शेळ्या राखायचो आम्ही. गाव तिथं खाली.” खाली अजून पाणीच होतं. त्या कितीतरी वेळ तिकडे बघत उभ्या राहिल्या. मला काय बोलावं सुचेना.

तेवढ्यात डोक्यावर टिटवी ओरडायला लागली. पाहते तो पायाजवळ खड्यांत चार ठिपकेदार अंडी! मी वाकणार, तोच सासूबाईंनी माझा हात मागं ओढला. “चल मागं. तिचं घर आहे ते. कुणाला घरातून उठवू नये, पोरी.”

1986 पासून हा जलाशय पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात रोहित आणि हिमालयापलीकडचे पट्टकादंब येतात. भोवती पाणी असेल तोवर बेटावर कुत्र्या-कोल्ह्यांची भीती नसते; वाट उघडली की अंड्यांवर धाड पडते. म्हणून तुम्ही याल ती थंडीत या. सकाळी लवकर निघा. शाल, दुर्बीण आणि पिण्याचं पाणी बरोबर घ्या. बेटं काठावरूनच पाहा आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या परत न्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात धरण भरलं, दरवाजे उघडले. मी बातमी सांगितली तेव्हा सासूबाई शेंगा निवडत होत्या. “माळ बुडाला का गं?” त्यांनी विचारलं. थोडा माथा दिसतोय म्हटल्यावर म्हणाल्या, “असू दे. लोकांच्या प्यायच्या पाण्याची सोय झाली.”

संभाजीनगर-जालन्याच्या मैत्रिणींनो, तुमच्या नळाला येतं ते पाणी हेच. हंडा भरताना आमच्या माळाची एकदा आठवण काढा.