जुना बॉयलर ठेवावा की काढावा?

‘जुने ते सोने’ ही म्हण आपल्या घराघरांत प्रमाण मानली जाते, आणि बऱ्याच अंशी ती खरीही आहे. आजीचा पाटा-वरवंटा, वडिलांची कुदळ, माहेरहून आलेली पितळी भांडी ही जितकी जुनी तितकी प्रिय असतात. परंतु सोन्याला गंज चढत नाही आणि लोखंडाला चढतो, एवढा भेद ही म्हण सांगत नाही. तो भेद ओळखण्याचा प्रसंग माझ्या परिचयाच्या एका कुटुंबावर आला. त्यांनी मलाही त्या विचारात ओढले, म्हणून ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

हे कुटुंब मूळचे खानदेशचे. सुरत शहराच्या उत्तर अंगास कतारगाम हा भाग आहे. हिरे घासण्याच्या कारखान्यांसाठी तो प्रसिद्ध असला, तरी तेथे कापडाशी संबंधित लहानमोठे उद्योगही आहेत. अशाच एका गल्लीत या दोघा भावांचा सूत रंगविण्याचा छोटा कारखाना आहे. मागील अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, त्यांच्या दिवंगत वडिलांनी बसविलेला तेलावर चालणारा बॉयलर उभा होता. त्याला एकतीस वर्षे झाली होती. थोरला भाऊ म्हणे, “फादर, या बॉयलरने आम्हा सर्वांची शिक्षणे केली, बहिणींची लग्ने केली. तो मोडीत कसा काढू?” धाकटा म्हणे, “दादा, तो आता आपल्यालाच खाऊ लागला आहे.” दोघांचेही म्हणणे मनापासून होते. त्यामुळेच निवाडा कठीण झाला होता.

आपल्याकडे अंगणात तांब्याचा बंब असे. त्यातील पाणी उकळले तरी वाफेला वर जाण्यास वाट मोकळी असे. बॉयलरचे तसे नाही. त्यात वाफ कोंडलेली असते. चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाब असेल, तर आतील पाणी १८० अंशांहूनही अधिक तापते आणि तरीही पाणीच राहते. पत्रा फाटला की दाब एकाएकी सुटतो आणि त्या पाण्याचा मोठा भाग क्षणात वाफ होऊ पाहतो. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे सोळाशे लिटर वाफ होते, हे ध्यानात घेतले म्हणजे बॉयलर फुटणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. कलकत्त्यास १८६३ साली असा एक स्फोट होऊन माणसे दगावली, आणि त्यानंतर बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ साली सर्व देशासाठी कायदा आला. त्याची जागा २०२५ साली नव्या कायद्याने घेतली. या कायद्यांमागे माणसांचे प्राण आहेत, नुसते कागद नाहीत.

मी अभियंता नाही. परंतु ज्याला विषय कळतो त्यास नीट प्रश्न विचारणे कोणासही जमते. एका जाणत्या तंत्रज्ञास मी भावांच्या समक्ष दोनच गोष्टी विचारल्या. हा बॉयलर किती खातो? आणि हा किती दिवस सुरक्षित उभा राहील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर हिशेबाचे होते. जुन्या बॉयलरमध्ये तेलातील उष्णतेपैकी सुमारे ६८ टक्केच कामी येत होती. नव्या चांगल्या बॉयलरमध्ये ८५ टक्क्यांपर्यंत येते. म्हणजे जेथे रोज २०० लिटर तेल लागे, तेथे १६० पुरेल. वर्षाकाठी तीनशे दिवस काम धरले तर बारा हजार लिटर तेल वाचते. तरी तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे असेही सांगितले की यातील काही तोटा दुरुस्तीनेही भरून निघतो. नळ्यांवर एक मिलिमीटर क्षार बसला तर पाच ते आठ टक्के इंधन वाया जाते. आत सोडावयाचे पाणी सहा अंशांनी अधिक गरम असेल तर सुमारे एक टक्का वाचते. केवळ खर्चाचाच प्रश्न असता, तर थोरल्याचा पक्ष अगदीच दुबळा नव्हता.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र निकाल लावला. बॉयलर उघड्या अंगणात. पावसाचे पाणी वर्षानुवर्षे उष्णतारोधक आवरणात झिरपलेले. बाहेरून रंग चकचकीत, पण आवरण सोडविले तेव्हा खालचा पत्रा पापुद्रे धरू लागलेला दिसला. ध्वनिलहरींच्या यंत्राने जाडी मोजली, तेव्हा तळाच्या बाजूस ती मर्यादेखाली भरली. थोरला भाऊ बराच वेळ त्या जागेवर हात ठेवून उभा राहिला. मग एवढेच म्हणाला, “आबा असते तर त्यांनीही हेच केले असते.”

नवा बॉयलर कोणता घ्यावा, यावर थोडी चर्चा झाली. कोळसा स्वस्त पडतो. पण दाट वस्तीत त्याची राख आणि धूर शेजाऱ्यांच्या छातीत जातो. धुरातील कणांना आळा घालण्यासाठी सुरतेतील कारखान्यांकरिता २०१९ साली जगातील पहिली कण-उत्सर्जन व्यापार योजना सुरू झाली, यावरूनच त्या प्रश्नाचे गांभीर्य कळते. नळाचा गॅस स्वच्छ खरा, पण २०२२ सालच्या युद्धकाळात त्याचे भाव कसे भडकले हे धाकट्याला आठवत होते. अखेर तेल व गॅस दोहोंवर चालणारा बर्नर त्यांनी पसंत केला.

एवढ्यावर विषय संपला असता. पण खरी परीक्षा पुढेच होती. दूरच्या गावचा एक व्यापारी आला आणि जुन्या बॉयलरला भंगाराच्या जवळजवळ दुप्पट भाव देऊ लागला. रंगरंगोटी करून तो कोणा गरजू कारखानदारास विकणार, हे उघड होते. नव्या बॉयलरसाठी कर्ज काढलेले. रक्कम मोहात पाडणारी. तेथे बॉयलर सांभाळणारा वयस्क कामगार उभा होता. अठरा वर्षे तो त्या यंत्राशेजारी पाणीकाचेवर डोळा ठेवून बसत आला होता. तो हळूच म्हणाला, “शेठ, तिकडेही माझ्यासारखाच कोणीतरी बसेल ना?”

दुसऱ्याच दिवशी भावांनी गॅसकटर आणवून बॉयलरचे तुकडे केले आणि ते वजनावर विकले. त्या कामगारास नव्या बॉयलरचे शिक्षण देऊन कामावर ठेवले.

वाचकहो, आपल्या खेड्यात बॉयलर नसेल. पण चुलीशेजारी प्रेशर कुकर आहे, सिलिंडरची रबरी नळी आहे. कुकरची शिटी चोंदली, झाकणाचे रबर कडक झाले किंवा नळीला भेग पडली, तर ती वस्तू बदलावी. ‘अजून चालते आहे’ म्हणून ठेवू नये, आणि आपल्याला नको झालेली धोक्याची वस्तू मोलकरणीस दान म्हणून तर मुळीच देऊ नये. जी वस्तू आपल्या लेकरांजवळ ठेवण्यास आपण धजत नाही, ती दुसऱ्याच्या लेकरांजवळ धाडण्याचा आपल्याला अधिकार नाही.