पिवळा रंग लपत नाही

५ डिसेंबर १९१६. पहिलं महायुद्ध चालू होतं. इंग्लंडमधल्या लीड्सजवळ बार्नबोच्या दारूगोळा कारखान्यात रात्रपाळी सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता. ४२ नंबरच्या खोलीत बायका तोफगोळ्यांना फ्यूज बसवत होत्या. आधी हाताने फिरवायचा, मग यंत्रावर आवळायचा. साडेदहाच्या सुमारास एक गोळा फुटला. ३५ जणी गेल्या. काहींची ओळख फक्त बिल्ल्यावरून पटली.

काही तासांतच त्या खोलीत काम पुन्हा सुरू झालं. जागा भरायला इतर बायका आपणहून पुढे आल्या. वर्तमानपत्रांत स्फोटाबद्दल अक्षर नाही. निधनवार्तांत 'अपघाती मृत्यू' एवढंच. शत्रूला कळू नये म्हणून घरच्यांच्या दुःखालाही सेन्सॉर लागला.

एक गोष्ट मात्र कुठल्याच सेन्सॉरला झाकता आली नाही. टीएनटी हे स्फोटक भरणाऱ्या बायकांची कातडी हळदीत बुडवल्यासारखी पिवळी व्हायची, कपाळावरचे केस तांबूस. लोक त्यांना 'कॅनरी' म्हणत, त्या पिवळ्या पक्ष्यावरून. गरोदर बायकांची काही बाळंही पिवळसर जन्मली. हा रंग नुसता गमतीचा नव्हता. टीएनटी यकृतावर घाला घाली आणि त्या विषारी काविळीने सुमारे शंभर जणी दगावल्या.

तरीही त्या येत राहिल्या. देशप्रेम होतंच, पण ते एकटं पुरेसं कारण मानणं भाबडेपणाचं होईल. कित्येकींनी याआधी मोलकरणीचं काम केलं होतं. कारखान्यात पुरुषांपेक्षा पगार कमी असला तरी धुणीभांड्यांपेक्षा बराच जास्त होता, आणि पाळी संपली की वेळ आपला!

१९१८ साली ब्रिटनमध्ये बायकांना मत मिळालं, पण तिशी ओलांडलेल्यांना, आणि मालमत्तेची अट घालून. गोळे भरणाऱ्या पुष्कळ पोरी विशीतल्या. मरायला वय पुरत होतं, मत द्यायला नाही. शांतता झाल्यावर पुरुष परतले आणि बहुतेकींना घरी पाठवण्यात आलं.

कारखान्यात असताना खेळायला लागलेला फुटबॉल मात्र काहींनी सोडला नाही. प्रेस्टनच्या डिक, कर कंपनीच्या दारूगोळा कामगार मुलींचा संघ १९१७ पासून धर्मादाय सामने खेळत होता. १९२० च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांना पाहायला ५३ हजार लोक आले. वर्षभरात फुटबॉल संघटनेने 'हा खेळ बायकांना योग्य नाही' म्हणत आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी टिकली पन्नास वर्षं. मुलींनी १९२२ मध्ये अमेरिका गाठली आणि तिथल्या पुरुषांच्या संघांशी सामने खेळल्या.