जामिनाची किंमत

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी फोनवर विचारलं, "मामू, इथं बेल बाँड एजंटचं लायसन्स काढतोय. कमाई हलाल होईल ना?" एखाद्याला तुरुंगातून सोडवणं हे पुण्याचंच काम, मग शंका कशाला, असं मला आधी वाटलं. नंतर धंद्याची रीत समजून घेतली.

लायसन्स मिळणं फार अवघड नाही. अठरा वर्षं पूर्ण हवीत, 20 तासांचा वर्ग, परीक्षा, बोटांचे ठसे आणि मागे उभी राहणारी विमा कंपनी. लायसन्स देतं ते राज्याचं विमा खातं. कोर्टाने 20,000 डॉलरचा जामीन ठरवला, तर घरचे लोक एजंटला साधारण दहा टक्के, म्हणजे 2,000 डॉलर देतात. तो बाकीची हमी घेतो. आरोपी पुढे निर्दोष सुटला तरी ते 2,000 परत मिळत नाहीत. आरोपी पळाला तर त्याला धरून आणायला 'बाउंटी हंटर' निघतात. 1872 सालच्या टेलर विरुद्ध टेंटर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जामीनदाराला दुसऱ्या राज्यात जाऊन, गरज पडल्यास घरात घुसूनही आरोपीला पकडण्याचा हक्क मान्य केला. पुढे अनेक राज्यांनी त्याला वेसण घातली. इलिनॉय, केंटकी, ओरेगन आणि विस्कॉन्सिनने तर पैसे घेऊन जामीन राहण्याच्या धंद्यावरच बंदी आणली.

आपल्या फिकहमध्ये जामीन राहण्याला कफाला म्हणतात. एका कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा पैगंबरांनी (स.) स्वतः नमाज पढवली नाही. हजरत अबू कतादा यांनी त्याचं कर्ज आपल्या अंगावर घेतलं, मग नमाज झाली. हमी ही अशी नेकी आहे, म्हणून बहुतेक जुन्या फुकहांनी नुसत्या हमीचा मोबदला घेणं नाजायज ठरवलं. कागदपत्रांचा, धावपळीचा खरा खर्च घेता येतो. आजचे काही उलेमा याहून सवलतीचं मतही देतात. मी भाच्याला दोन्ही बाजू सांगितल्या आणि एवढंच म्हटलं, "बेटा, ज्याच्याकडून तू दहा टक्के घेशील, तो बहुतेक वेळा गरीबच असेल. श्रीमंत माणूस पूर्ण रक्कम कोर्टात भरतो आणि तारखांना हजर राहिला की परत घेतो."

त्याच अमेरिकेत दुसरी वाटही आहे. शिकागोतल्या काही मुसलमानांनी 2018 मध्ये 'बिलीव्हर्स बेल आउट' सुरू केलं. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये गुलामांची मान सोडवणं येतं. त्याच आधाराने ते जकात गोळा करून खटला सुरू होण्याआधी अडकलेल्या मुसलमानांचा जामीन भरू लागले. त्यात नफा कुणाचाच नाही.

आपल्याकडे एजंटचं लायसन्स नाही. उलट, आरोपीने जामीनदाराची भरपाई करण्याचा करार आपला कायदा मानत नाही. तरी कोर्टाच्या आवारात धंदेवाईक जामीनदार मिळतातच, कारण गरिबाला दुसरा कुणी मिळत नाही. 1978 च्या मोतीराम खटल्यातल्या गवंड्याकडे 10,000 रुपयांचा जामीन मागितला होता. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याची हमीही नाकारली गेली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडलं. जामीनपात्र गुन्ह्यात गरीब आरोपीला आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर जातमुचलक्यावर सोडण्याची तरतूद आज कायद्यातच आहे. ती घरच्यांना माहीत नसते, म्हणून माणूस आत राहतो.

आणि आपला मोहल्ला? पोरगा उचलला गेला की शेजारी दार लावून घेतात. "आपलं नाव कशाला कागदावर?" ही भीती खोटी नाही, आरोपी तारखेला आला नाही तर जामीनदाराला पैसे भरावे लागतात. पण सगळेच मागे सरले की ती आई त्या दलालाकडेच जाणार, मंगळसूत्र नाहीतर लच्छा गहाण ठेवून. मशिदीच्या पंखे-गालिच्यांसाठी आपण तासाभरात वर्गणी जमवतो. प्रत्येक जमातीने ऐपतीचा दाखला काढून तयार असलेली दहा माणसं आणि ओळखीचा एक वकील एवढं जरी ठरवून ठेवलं, आणि सुटलेल्या पोराला दर तारखेला कोर्टात नेऊन उभं करायची जबाबदारी घेतली, तरी खूप झालं. दहांपैकी पहिलं नाव कुणाचं, एवढंच येत्या जुम्म्याला विचारून पाहा.