उकाडा की गारठा?

आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद: मे महिन्यातला सह्याद्री की जानेवारीत गोठलेल्या झंस्कार नदीवरचा चादर ट्रेक? माझं मत थंडीला. उणे २० अंशांत अंगावर आणखी एक थर चढवता येतो. उन्हात टी-शर्टनंतर काढायला काही उरत नाही. घाम वाळला तरच अंग गार होतं, आणि कोकणाकडच्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही. पाणी जास्त घ्यावं, तर लिटरमागे एक किलो ओझं.

पण थंडीचे कपडे विकत मिळतात. पगार आहे म्हणून मला निवड आहे. बाबा मे महिन्यातही बांधकामावर उभे असतात. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "आधी सावली कुठंय ते बघायचं, मग काम." आता उन्हाळ्यात मीही नकाशावर आधी झाडी शोधतो. नसेल, तर पहाटे तीनला निघतो.